जुन्या मोटारीचा वास

दिवाळी अंकाच्या या पानावर काय लिहावे याचा विचार करीत होतो, तोच पुण्याच्या एका वाचकभगिनींचे पत्र हाती आले आणि विषय आपोआप ठरला. त्या लिहितात :

"आमच्या मामंजींनी १९६८ साली घेतलेली फियाट आमच्या घरी अजून आहे. यजमानांचा तिच्यावर फार जीव. दर रविवारी ती धुऊन-पुसून बाहेर निघते. गेले काही महिने मागच्या सीटवर बसले की मला पेट्रोलचा वास येतो. मुंबईहून परतताना घाट चढून खंडाळ्याला चहासाठी थांबलो, की तो जास्तच जाणवतो. यजमान म्हणतात, 'जुन्या गाडीला वास यायचाच. तुझं नाकच तिखट आहे!' आता भाऊबिजेला मुला-नातवंडांसह मुंबईला जायचे घाटते आहे. दोघांत कोणाचे खरे, ते आपणच सांगावे."

भगिनी, खरे तुमचे आहे. शंभर टक्के तुमचे आहे. आणि तुमच्या यजमानांच्या ताटाशेजारी हे पान उघडून ठेवावे, अशी माझी विनंती आहे. कारण 'जुन्या गाडीला वास यायचाच' या एका वाक्याने जितक्या जुन्या मोटारी पेटविल्या असतील, तितक्या दुसऱ्या कशाने क्वचितच पेटल्या असतील.

जुन्या मोटारीला तिचा असा एक वास असतो, हे मी नाकारीत नाही. तापलेल्या रेक्झिनचा, ग्रीसचा, सीटमधल्या काथ्याचा, वडिलांच्या तपकिरीचासुद्धा! तो नाकात शिरला की चाळीस-पन्नास वर्षे मागे गेल्यासारखे वाटते. तो वास खुशाल जपावा. पण त्या यादीत पेट्रोलचा वास नाही. पेट्रोल ज्या नळ्यांतून जायचे, त्या धड असतील तर गाडी नव्वद वर्षांची असो की नऊ, आतल्या माणसाला पेट्रोलचा वास येता कामा नये. येत असेल तर एकच अर्थ : कोठेतरी पेट्रोल बाहेर येते आहे.

स्वयंपाकघरातला दाखला घ्या. गॅसच्या सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. तो वास आला तर आपण काय करतो? "जुनी शेगडी आहे, वास यायचाच," असे म्हणून काडी ओढतो का? रेग्युलेटर बंद करतो, खिडक्या उघडतो, दिव्याच्या बटणालाही हात लावीत नाही. शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, हेही आता घरोघर ठाऊक आहे. मग तोच गृहस्थ मोटारीत बसला की त्याची ही सारी अक्कल दाराबाहेर का राहते, हे मला न सुटलेले कोडे आहे. पेट्रोलला तर निसर्गानेच वास दिला आहे. फुकटचा पहारेकरी आहे तो! त्याचे ऐकायचे नाही तर कोणाचे?

आता थोडे शास्त्र. पेट्रोल जळते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता जळते ती पेट्रोलची वाफ. ही वाफ उणे चाळीस अंश सेल्सियसच्या थंडीतही पेट घेण्याइतकी सुटते. मग आपल्याकडच्या उन्हाची गोष्टच नको. शंभर भाग हवेत साधारण दीड ते साडेसात भाग वाफ मिसळली की ते मिश्रण ठिणगीची वाट पाहत बसते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, खाली उतरते, कोपऱ्यात साचते. बॉनेटखालच्या बंद जागेत आणि झाकलेल्या गॅरेजमध्ये तिला चांगलेच फावते.

आणि ठिणगी? ती तर इंजिनच्या पाचवीलाच पुजलेली. प्लग, डिस्ट्रिब्युटर आणि जुन्या गाड्यांतला डायनॅमो ही सारी ठिणग्यांचीच मंडळी. त्यांत भर म्हणजे सिलिंडरमधला जळका धूर बाहेर नेणारा बिडाचा जाड नळ, ज्याला मेकॅनिक मॅनिफोल्ड म्हणतात. चढावर हा नळ कित्येकशे अंश तापतो. जुन्या पेट्रोल अँबॅसडरचे बॉनेट उघडून पाहा. तिचे इंजिन मूळ मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातले. त्यात हवा-पेट्रोल आत नेणारा नळ आणि धूर बाहेर काढणारा नळ इंजिनच्या एकाच बाजूला, आणि कार्ब्युरेटर बसलेला असतो तो या तापल्या नळाच्या डोक्यावर! करणाऱ्यांनी ते विचारपूर्वक केले होते. त्या उष्णतेचा उपयोगही होतो. पण त्या काळी नळ्या नव्या होत्या. आज कार्ब्युरेटरमधून थेंब गळला, तर तो कोठे पडणार हे सांगायला ज्योतिषी नको.

खंडाळ्याला वास जास्त का येतो, तेही येथेच कळते. गाडी धावत असते तोवर वारा आणि पंखा इंजिनला थंड ठेवतात. घाट चढून गाडी थांबविली, इंजिन बंद केले, की वारा गेला, पंखा गेला. उष्णता मात्र आतच राहिली. त्यामुळे थांबल्यावर पहिली काही मिनिटे बॉनेटखालचा उकाडा उलट वाढतो. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळू लागते, आणि जेथे भेग असेल तेथून वाफ बाहेर पडते. आपण बटाटेवडा खाऊन येतो, चावी फिरवितो, स्टार्टर गुरगुरतो. धोक्याचा क्षण तो हाच. घाटात थांबल्यावर वास आला, तर चहाचा दुसरा पेला मागवावा, बॉनेट उघडे ठेवावे, ओले कोठे दिसते ते पाहावे. आणि गळती सापडली तर गाडी तेथून चालवीत नेऊ नये, ओढून न्यावी. टोइंगचे पैसे दिल्याचे दुःख दोन दिवसांचे असते.

कोणी विचारील, "अहो, हीच गाडी पन्नास वर्षे चालली की! तेव्हा नाही पेटली ती?" प्रश्न रास्त आहे. पण दोन गोष्टी बदलल्या आहेत.

पहिली म्हणजे नळ्यांचे वय. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणारा मोठा पाइप धातूचा असतो. पण टाकीजवळ, पंपाजवळ, कार्ब्युरेटरजवळ रबरी नळीचे तुकडे असतात. रबर उष्णतेने कडक होते आणि नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीत सुकते. महिन्यातून एकदा चालणाऱ्या लाडक्या गाडीची नळी रोज धावणाऱ्या टॅक्सीपेक्षा लवकर तडकली, तर नवल वाटू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द पेट्रोल. २०२२ सालच्या जूनपर्यंत आपल्या देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. २०२३च्या फेब्रुवारीत २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली, आणि २०२५पर्यंत तेच पेट्रोल देशभर पोचले. इथेनॉल म्हणजे मद्यार्क. आपल्या कोल्हापूर-सोलापूरच्या उसापासूनही होतो तोच. देशाचे तेलावरचे परकीय चलन वाचावे, हा त्यातला हेतू. त्याविषयी येथे वाद घालायचा नाही. पण १९६८च्या रबराला या पाहुण्याची ओळख नव्हती, हे तितकेच खरे. जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगते, मऊ पडते, आणि गाडी उभी राहून सुकली की भेगाळते. बुचाची पॅकिंगेही त्याला दाद देत नाहीत. शिवाय हे मिश्रण हवेतला ओलावा शोषते आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ सोडविते. तो गाळ वाहत कार्ब्युरेटरच्या सुईत अडकतो. सुई नीट बसली नाही की पेट्रोलची भरती थांबत नाही, आणि कार्ब्युरेटर उतू जातो. दुधाचे पातेले उतू गेले तर शेगडी विझते. येथे उलट प्रकार!

तेव्हा उपाय काय? उपाय आहे, आणि तो खर्चिक नाही. साऱ्या गाडीतली रबरी नळी मिळून हात-दोन हातच भरते. ती पुरी बदलून टाकावी; एक तुकडा नवा आणि दोन जुने, असला संसार करू नये. बाजारात कोणतीही काळी नळी 'पेट्रोलची' म्हणून गळ्यात मारतात. दुकानदाराला स्पष्ट सांगावे की इथेनॉल सोसणारी नळी हवी. नळीच्या अंगावर 'एसएई जे-३० आर-९' असा शिक्का असतो, तो वाचून घ्यावी. टाकीच्या तोंडाची जाड नळी आणि गाडीच्या पोटाखालचा तुकडा हे दोन्ही नेहमी विसरले जातात. मेकॅनिकला आठवण द्यावी. नळी तारेने करकचून बांधू नये, योग्य मापाची क्लिप लावावी. ती तापल्या नळाला किंवा पंख्याच्या पट्ट्याला घासत नाही हे पाहावे. काचेचा किंवा प्लॅस्टिकचा फिल्टर कोणी मॅनिफोल्डच्या डोक्यावर लटकविला असेल, तर तो तेथून हलवावा. आणि बदलल्याची तारीख घरच्या डायरीत लिहून ठेवावी. शेगडीच्या नळीची आणि मोटारीच्या नळीची तारीख एकाच पानावर असली, तर फारच उत्तम.

तपासणी घरच्या घरी होते. इंजिन गार असताना, दिवसाउजेडी, बॉनेट उघडावे. विडी-सिगारेटवाल्याला चार पावले दूर ठेवावे. नळी हळूच वाकवून पाहावी; टाचेला हिवाळ्यात पडतात तशा बारीक भेगा दिसल्या, तर तिची सेवा संपली. सांध्यांभोवती पांढरा कागद फिरवावा. ओला झाला किंवा पिवळट डाग पडला, तर गळती आहे. मग गाडी बाहेर उघड्यावर आणून, इंजिन पाच मिनिटे चालवून, हात आणि पदर दूर ठेवून पुन्हा पाहावे. पंप चालू झाल्यावरच उघडी पडणारी गळती पुष्कळदा असते. या कामाला घरातले सर्वांत तिखट नाक बरोबर घ्यावे. रोज गाडी चालविणाऱ्याचे नाक त्या वासाला सरावलेले असते. त्यात त्याचा दोष नाही. पण निकाल मात्र त्याच्या नाकावर सोपवू नये.

आपल्याकडची एक जुनी खोड येथे सांगितलीच पाहिजे. गाडी चालू होत नसली की बाटलीत पेट्रोल घ्यायचे, हवेचा फिल्टर काढायचा, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात थोडे ओतून स्टार्टर मारायचा. कित्येक मेकॅनिक हे इतक्या सहजपणे करतात, की जणू बाळाला पळीने औषध पाजताहेत. कधी कधी इंजिन उलटा फटका देते आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून ज्वाला बाहेर येते. हातात पेट्रोलची उघडी बाटली, समोर ज्वाला! हवेचा फिल्टर नुसता धूळ अडवीत नाही; असली ज्वाला आतल्या आत अडविण्याचेही काम तो करतो. तेव्हा फिल्टर काढून गाडी पळवू नये, आणि बाटलीचा प्रयोग आपल्या अंगणात कोणाला करू देऊ नये.

पेट्रोलनंतर नंबर लागतो तारांचा. जुन्या गाडीत फ्यूज मोजकेच असतात, आणि काही तारांना तर फ्यूजच नसतो. त्या तारांवर आपण काय काय लादतो! कर्कश हॉर्न, मोठाले दिवे, गाणी वाजविणारे यंत्र, आणि आता मोबाईलचा चार्जर. प्रत्येकाची तार जवळ सापडेल त्या तारेला पिळून वर काळी पट्टी गुंडाळलेली. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याजागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे बहाद्दरही मी पाहिले आहेत. फ्यूज जातो तेव्हा तो तक्रार करीत असतो. त्याच्या तोंडात बोळा कोंबून तक्रार मिटत नाही. नवे उपकरण बसवायचे तर त्याला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र फ्यूज द्यावा. पत्र्याच्या भोकातून तार जाते तेथे रबराचे कडे शाबूत असावे, नाहीतर पत्रा तारेचे कवच कापतो.

एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी एक जाड पट्टी असते. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. ती गंजून तुटली की स्टार्टरचा प्रचंड प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट पुष्कळदा चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या बारीक केबलमधून जाते. मग ती केबल लाल होईपर्यंत तापते, आणि तिचे दुसरे टोक कार्ब्युरेटरला! चावी फिरविताना चोकचा दांडा हाताला गरम लागला, तर थांबावे आणि ती पट्टी पाहावी. बॅटरी घट्ट बांधलेली असावी. तिच्यावर एक तोडणारा स्विच बसवून घ्यावा आणि गाडी ठेवून दिली की तो बंद करावा. ज्या गाडीत वीजच नाही, तिला रात्री शॉर्टसर्किट कोठून होणार?

आणि एक बिनभाड्याचा भाडेकरू : उंदीर. उभ्या गाडीच्या उबदार इंजिनावर तो चिंध्या, कागद, काथ्या आणून घर मांडतो आणि वाढत्या दातांसाठी तारा कुरतडतो. महिनाभर उभी असलेली गाडी चालू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहिलेच पाहिजे. मेकॅनिकने विसरलेले तेलकट फडकेही तेथेच सापडते. इंजिनाच्या झाकणातून तेल झिरपून मॅनिफोल्डवर पडत असेल, तर पॅकिंग बदलून इंजिन पुसून स्वच्छ ठेवावे. स्वच्छ इंजिनावर नवा डाग लगेच दिसतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

एवढे करूनही आग लागलीच तर? मागे एकदा एका लग्नाच्या वऱ्हाडात माझ्या डोळ्यांदेखत एका गाडीच्या बॉनेटमधून धूर निघू लागला. चार तरुण धावले आणि त्यांतल्या एकाने मदतीच्या भरात बॉनेट सताड उघडले. आत धुमसत होती ती आग हवा मिळताच पुरुषभर उंच उसळली. सुदैवाने त्याच्या भुवयांवर निभावले. तेव्हा क्रम पाठ करून ठेवावा. गाडी बाजूला थांबवावी, चावी बंद करावी, सर्वांनी आधी बाहेर पडावे. पर्स, डबे, आहेराच्या साड्या आतच राहू द्याव्यात. मुलांना रस्त्याच्या कडेने चांगली पन्नास पावले दूर न्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. बॉनेट उघडू नये. अग्निशामक हाताशी असेल आणि आग लहान असेल, तरच खटका ओढून बॉनेट किंचित सैल करावे आणि त्या फटीतून किंवा पुढच्या जाळीतून ज्वाळेच्या मुळाशी पावडर मारावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. छोट्या अग्निशामकाची पावडर आठ-दहा सेकंदांत संपते. तेवढ्यात विझली तर विझली. नाहीतर मागे फिरावे. गाडी कितीही लाडकी असली, तरी ती पत्र्याची आहे.

अग्निशामक 'एबीसी' पावडरचा, निदान एक किलोचा आणि जमल्यास दोन किलोचा घ्यावा. तो डिकीत बॅगांखाली ठेवणे म्हणजे छत्री कपाटात ठेवून पावसात निघणे. चालकाच्या हाताला येईल असा पक्क्या पट्ट्याने बसवावा, आणि काटा हिरव्या खुणेवर आहे ना, हे दर महिन्याला पाहावे.

दिवाळीपुरत्या दोन गोष्टी सांगतो आणि आवरते घेतो. पाडव्याला गाडीची पूजा अवश्य करावी. झेंडू, हळदकुंकू, नारळ सारे असावे. पण निरांजन आणि उदबत्ती बॉनेटवर ठेवू नये, आणि गॅरेजची दारे उघडी ठेवावीत. दुसरे, फटाक्यांच्या रात्री गाडीवरचे कापडी आच्छादन काढून ठेवावे. बाण कोणाच्या अंगणातून सुटेल हे सांगता येत नाही. उघड्या पत्र्यावर पडला तर रंग जाईल, आच्छादनावर पडला तर गाडी जाईल. पेट्रोलचा डबा डिकीत नको, गॅरेजमध्येही नको.

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ सालीच थांबले. पन्नास वर्षांवरच्या मोटारींना 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी देणारे नियम केंद्र सरकारने २०२१च्या जुलैत केले, तेव्हा आपल्या घरच्या फियाटलाही आता वडीलधाऱ्यांचा मान मिळाला आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांची आपण कशी काळजी घेतो? ते खोकले तर "वय झालं, खोकणारच," असे म्हणून त्यांना तसेच सोडत नाही, डॉक्टरला दाखवितो. मोटारीला खोकता येत नाही. तिच्यापाशी वासाचीच तेवढी भाषा आहे. तेव्हा फराळाची तयारी सुरू होण्याआधी एक सकाळ काढा, हातभर नळी बदलून घ्या, आणि मग खुशाल निघा. खंडाळ्याला उतरल्यावर वास यावा तो तळणीतल्या वड्यांचाच!